पीक कुठं आहे ते आधी बघ

नेरूळ, रविवार

अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा लिफ्ट बंद होती म्हणून जिन्यात गाठ पडली आणि चढता चढता तू विचारलंस, "मावशी, एक्स-रे अ‍ॅस्ट्रॉनॉमी करायची तर इस्रोत कसं जायचं?" मी धापा टाकत काहीतरी पुटपुटले. तुझ्या प्रश्नाला तेवढं पुरेसं नव्हतं, म्हणून हे पत्र.

पहिली गोष्ट, तू एका दमात दोन प्रश्न विचारलेस. इस्रोच्या केंद्रांत 'सायंटिस्ट/इंजिनिअर' म्हणून जी भरती होते ती बहुतांशी इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल, कॉम्प्युटरवाल्यांची. फिजिक्सच्या जागा मोजक्या. आणि आत गेल्यावर कुठल्या गटात बसायचं ते केंद्राच्या गरजेवर ठरतं, तुझ्या आवडीवर नाही. कृष्णविवराच्या ओढीने आलेली माणसं पॉवर सप्लायच्या टेबलावर पंधरा वर्षं बसलेली मी पाहिली आहेत. त्यातली काही मजेत होती, हेही सांगते.

संशोधनच करायचं असेल तर एमएस्सीनंतर जेस्ट, गेट किंवा नेट यांपैकी एखादी परीक्षा देऊन पीएचडीला जा. अहमदाबादची पीआरएल अंतराळ विभागाचीच प्रयोगशाळा. चांद्रयान-२ वरून सूर्याचे एक्स-रे मोजणारं एक्सएसएम हे उपकरण तिथलं. १ जानेवारी २०२४ ला गेलेल्या एक्स्पोसॅटवरचं एक्सस्पेक्ट बंगळूरच्या यू. आर. राव उपग्रह केंद्राचं, त्याच उपग्रहावरचं पोलिक्स रामन संशोधन संस्थेचं. अ‍ॅस्ट्रोसॅट या भारताच्या खगोल-उपग्रहावरची मोठी एक्स-रे उपकरणं तर मुख्यतः आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआरची (टाटा मूलभूत संशोधन संस्थेची), म्हणजे हार्बरने शेवटपर्यंत जाऊन वर बस. त्यांची प्रवेश परीक्षा मात्र वेगळी असते. उपकरण कुठे तयार होतं ते शोध आणि तिथला दरवाजा ठोठाव, पाटीवर काय लिहिलंय ते नंतर बघ.

जेआरएफला, म्हणजे पीएचडी करणाऱ्याच्या शिष्यवृत्तीत, सुरुवातीला महिना ३७,००० मिळतात. तुझे बाबा ऐरोलीच्या आयटी पार्कमधल्या पोरांशी तुलना करणार. करू देत. त्या रकमेवर वाद घालू नकोस, वादात तू हरशील.

आता जे मला खरं सांगायचंय ते. एक्स-रे वातावरणात शोषले जातात, जमिनीपर्यंत पोचत नाहीत. म्हणून १९६२ च्या जूनमध्ये जियाकोनी या शास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी रॉकेटमधून एक्स-रे टिपणारे काउंटर वर पाठवले, तेव्हा कुठे वृश्चिकेतला तो झगझगीत स्रोत, स्को एक्स-१, सापडला. सगळं मिळून काही मिनिटांचं निरीक्षण. येऊरला दुर्बीण घेऊन जाणारे तुझे मित्र निदान डोळा लावून तारा बघतात. आपल्याला तारा दिसतच नाही. आपल्याला दिसतं ते एक खोकं काय म्हणतं ते. त्यामुळे या धंद्यात आयुष्याचा बराचसा भाग आकाशापेक्षा खोक्याच्या संगतीत जातो.

माझं पहिलं खोकं म्हणजे आर्गॉन-मिथेन भरलेला एक प्रपोर्शनल काउंटर. आत एक्स-रे शिरला की विजेचा ठोका देतो, आणि ठोका जेवढा मोठा तेवढी त्या एक्स-रेची ऊर्जा जास्त. तुझ्या डब्यापेक्षा थोडा मोठा, पुढे मायलरच्या पातळ प्लास्टिकची खिडकी. भरताना दाब ७६० टॉर. मी नवी होते, रोज सकाळी नऊला वहीत दाब लिहायचं काम माझ्याकडे. एका सोमवारी ७५२ आला. मंगळवारी तोच. माझ्या पोटात गोळा. खिडकीजवळच्या ओ-रिंगवर, म्हणजे गॅस अडवणाऱ्या रबरी कड्यावर, माझाच संशय, कारण ती मीच बसवली होती. पुढचे अकरा दिवस मी गळती शोधली. साबणाचं पाणी झालं, हीलियम लीक डिटेक्टर झाला, वर्कशॉपच्या माणसाशी भांडण झालं. तो बिचारा म्हणत होता की स्क्रू बरोबर आवळलेत.

बाराव्या दिवशी आमच्या वरिष्ठांनी वही बघितली आणि एकच विचारलं, "पीक कुठं आहे?" (मी शेतकऱ्याच्या घरची. आमच्याकडे हा प्रश्न पावसाळ्यात विचारतात.) काउंटरसमोर लोह-५५ चा छोटा स्रोत ठेवलेला असायचा. त्यातून ५.९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे एक्स-रे निघतात आणि स्पेक्ट्रममध्ये त्यांचा उंचवटा, म्हणजेच पीक, ठरलेल्या चॅनलला उभा राहतो. मी पाहिलं. पीक जागेवरून तसूभरही हललं नव्हतं.

गॅस गळला असता तर आतली घनता कमी झाली असती, गेन (ठोका किती पटींनी मोठा होतो ते) वाढला असता आणि पीक उजवीकडे सरकलं असतं. पीक हललं नाही म्हणजे आत रेणू तेवढेच आहेत. मग दाब का पडला? शनिवारी कोणीतरी नवीन एसी लावून गेला होता. खोली तीन अंशांनी गार. ३०० केल्व्हिनच्या आसपास तीन अंश म्हणजे एक टक्का, आणि ७६० चा एक टक्का किती ते तूच काढ. वहीत तापमानाचा रकाना मी आखलाच नव्हता. वर्कशॉपमधल्या त्या माणसाला मी दुसऱ्या दिवशी वडापाव खाऊ घातला.

ही गंमत एवढ्यावरच राहिली असती, पण अ‍ॅस्ट्रोसॅट २८ सप्टेंबर २०१५ ला गेला आणि त्याच्यावरच्या लॅक्सपीसी नावाच्या, याच जातीच्या तीन मोठ्या काउंटरांपैकी एकात कक्षेत खरोखर गॅस गळू लागला. ६५० किलोमीटरवर साबणाचं पाणी घेऊन कोण जाणार? तिथे कामाला आला तो गेनच. तो सरकताना दिसत होता, त्यानुसार हाय व्होल्टेज बदलत लोकांनी तो डिटेक्टर जमेल तेवढा वापरला. बातमी वाचली तेव्हा मला आधी माझी वही आठवली.

धीराबद्दल भाषण देत नाही, एक हकिकत सांगते. एक्स-रेची ऊर्जा उष्णतेवरून मोजणारा कॅलरीमीटर २००० साली जपानच्या अ‍ॅस्ट्रो-ई उपग्रहावर होता, ते उड्डाणच फसलं. २००५ ला सुझाकूवर पुन्हा गेला, काही आठवड्यांतच त्याला गार ठेवणारा हीलियम उडून गेला. २०१६ ला हितोमीवर गेला, उत्तम चालला आणि सव्वा महिन्यात उपग्रहच गमावला. शेवटी सप्टेंबर २०२३ मध्ये एक्सरिझमवर गेला, तो काम करतोय. पहिल्या वेळी तुझ्या वयाचं कोणी त्या गटात असेल तर आता पन्नाशीला टेकलं असेल. तुला खोकं मुळात आवडत नसेल तर एवढी वर्षं कशाच्या जोरावर काढशील? आवडत नसेल तर त्यात कमीपणा नाही, डेटावर काम करणारी उत्तम माणसं आहेत. फक्त ते आत्ताच ओळख.

अर्थात डेटावाल्यांचीही खोक्यातून सुटका नाही. एक विद्यार्थी एकदा धावत आला, म्हणाला, ताऱ्यात ९८ मिनिटांचा आवर्तकाळ सापडलाय. मी विचारलं, "उपग्रह पृथ्वीभोवती किती मिनिटांत फिरतो?" उत्तर तेच होतं. पोरगा तिथेच स्टुलावर बसला.

एक कडू गोष्टही सांगून टाकते. ज्या डिटेक्टरवर मी सहा वर्षं घालवली त्याच्या निकालांचा पहिला पेपर आला, त्यात माझं नाव लेखकांत नव्हतं. शेवटी आभारात होतं, तेही आडनाव चुकवून. मी गप्प बसले. तू बसू नकोस. कामाला लागतानाच विचारायचं, लेखकांची यादी कोण ठरवतं आणि कधी. विचारायला लाज कसली?

परीक्षेच्या तयारीबद्दल मी काही सांगणार नाही, ते तुझ्या कॉलेजातले लोक माझ्यापेक्षा बरं सांगतील. एक मात्र कर. ठाण्याहून येताना गाडीत रील्स बघतेस तो वेळ पायथनला दे. आणि सोल्डरिंग शिक.

पुढच्या रविवारी दुपारी वर ये. अ‍ॅस्ट्रोसॅटचा जुना डेटा इस्रोच्या संग्रहातून कोणालाही उतरवता येतो. लॅक्सपीसीचं जीआरएस १९१५+१०५ चं एक निरीक्षण मी काढून ठेवलंय. गरुड राशीतलं ते कृष्णविवर फार लहरी आहे, आपल्या लोकांनी १९९६ च्या आयआरएस-पी३ उपग्रहावरूनही त्याचा पिच्छा पुरवला होता. प्रत्येक फोटॉन कधी आला ते दहा मायक्रोसेकंदांपर्यंत नोंदलेलं आहे. त्याचा लाइट कर्व्ह, म्हणजे तेज वेळेनुसार कसं बदलतं त्याचा आलेख, तू काढायचास, मी बाजूला बसून मटार सोलेन.

लॅपटॉपवर उबंटू टाकून आण. पेनड्राइव्ह पुरणार नाही, बाबांची हार्ड डिस्क माग. आणि लिफ्ट अजून बंदच आहे, चार्जर खाली विसरू नकोस.

तुझी,
पाचव्या मजल्यावरची मावशी