लॅटिनो रुग्ण, कुटुंब आणि निदान सांगण्याचा प्रश्न

टेक्सासमधील आपल्या रुग्णालयात दाखल झालेल्या मेक्सिकन वंशाच्या वृद्ध बाईंची मुलगी 'आईला कर्करोगाचे कळू देऊ नका' अशी विनंती करते आहे, आणि भारतात आपल्याकडेही असेच चालत असल्याने तिचे ऐकावे असे आपल्याला वाटते, असे आपण लिहिले आहे.

मला नेमकी या 'आपल्यासारखेच' वाटण्याची धास्ती वाटते. कुटुंबाला व्यक्तीच्या आधी मानणारा 'फामिलिस्मो' लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, समाजात खोलवर रुजलेला आहे, हे खरेच. लॉस एंजेलिसमधील ६५ वर्षांवरील ८०० जणांची जी पाहणी १९९५ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात पसरलेल्या कर्करोगाचे निदान रुग्णाला सांगावे असे मानणारे युरोपीय वंशाचे लोक ८७ टक्के, तर मेक्सिकन-अमेरिकन ६५ टक्के होते. तफावत मोठी असली, तरी ६५ टक्के म्हणजेही बहुमतच. त्यामुळे या बाई कोणत्या बाजूच्या आहेत, हे त्यांच्या वंशावरून किंवा मुलीच्या सांगण्यावरून ठरवता येणार नाही. 'तपासण्यांचे निष्कर्ष आपल्याला सांगावेत, मुलीला सांगावेत, की दोघींना एकत्र?' असे त्यांनाच विचारावे. त्यांनी निर्णय मुलीवर सोपवला, तर तो त्यांचाच निर्णय समजून केसपेपरवर तशी नोंद करावी.

हे विचारताना मुलीला दुभाषी करू नये. सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयाने दुभाषी विनामूल्य पुरवणे तेथील कायद्याने बंधनकारक आहे. (दुसरा एखादा रुग्ण ग्वातेमालाच्या डोंगराळ भागातील असेल, तर भाषा आधी विचारून घ्यावी, तेथील अनेकांची मातृभाषा स्पॅनिश नसून माम किंवा किचे असते.)

'रेस्पेतो', म्हणजे वडीलधाऱ्यांचा आणि अधिकारी व्यक्तीचा मान, दोन्ही बाजूंनी पाळला जातो. बाईंना 'सेन्योरा' लावून आडनावाने संबोधावे. मात्र त्याच मानापोटी त्या डॉक्टरांना तोंडावर नकार देणार नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे. त्यांनी मान डोलावली म्हणून संमती मिळाली असे न समजता, काय समजले ते त्यांच्याच शब्दांत सांगायला लावावे. घरगुती उपचारांची चौकशीही दोष न देता करावी, कारण एकदा रागावलेल्या डॉक्टरांना पुढे काहीच सांगितले जात नाही. ही चौकशी टाळू नये, कारण पोटाच्या तक्रारीवर घरगुती उपचार म्हणून दिल्या जाणाऱ्या 'असार्कोन' व 'ग्रेता' या पुडींत विषारी शिसे असते.

मुलीला मात्र डावलू नये. आईला काय विचारणार आहात आणि का, हे तिला आधीच सांगावे, आणि आईची हरकत नसेल तर पुढील बोलण्याच्या वेळी तिला शेजारी बसू द्यावे.