गॅलरी नाही, कॉलेज नाही, तरी गावात कलेचा अभ्यास होतो का?

तुमचे वडील पत्रकारितेतून नुकतेच निवृत्त झाले, मेहकरला राहायला गेले आणि आता चित्र-शिल्पांचा अभ्यास करायचा म्हणतात. आसपास ना गॅलरी ना आर्ट कॉलेज, मग मन रमेल का, असं तुम्ही विचारलंय. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यातला. जन्मभर तालुक्याच्या बातम्या पाठवल्या आणि आता हाच उद्योग करतो. रमेल. पण सुरुवातीला चिडचिड होईल, ती सोसायची तयारी घरच्यांनी ठेवावी.

चिडचिड अशासाठी की पत्रकाराला प्रत्येक गोष्टीत बातमी लागते. कोणी बांधलं, कधी, पैसा कोणाचा, एवढं कळलं की आम्ही वही मिटतो. कलेचा अभ्यास तिथून पुढे सुरू होतो. मार्कंडादेवचं देऊळ मला जवळ. महाशिवरात्रीच्या जत्रेच्या बातम्या मी वर्षानुवर्षं दिल्या: गर्दी, एसटीच्या जादा गाड्या, उत्तरवाहिनी वैनगंगेतलं स्नान. आता भिंतीवरच्या एकाच मूर्तीसमोर सकाळ जाते. पेन्सिल हातात घेतली की दिसायला लागतं, कंबर कुठे वळली आहे, भार कोणत्या पायावर आहे, ऊन सरकलं की चेहरा कसा पालटतो. चित्र चांगलं यायची गरज नाही. माझं येतच नाही. गुरं घेऊन जाणारा एक जण थांबून विचारतो, "कालचीच बाई काढून राहिले का जी?" होय बाबा, कालचीच. म्हातारा माणूस देवळामागे तासन्तास बसतो म्हणजे गुप्तधन शोधून राहिला असेल, असाही गावात एक मतप्रवाह आहे.

बातमीदारी वाया मात्र जात नाही. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातला शिलालेख वराहदेवाचा आहे, म्हणजे वाकाटक राजा हरिषेणाच्या मंत्र्याचा. वाकाटकांच्या त्या शाखेची राजधानी वत्सगुल्म, आपलं वाशीम. पाचव्या शतकात पैसा कुठून निघाला आणि कुठे लागला, हा आमच्याच धंद्यातला प्रश्न झाला. पुढची हकिकत तर पहिल्या पानाची आहे. रॉबर्ट गिल या फौजी अधिकाऱ्याने १८४४ पासून कितीतरी वर्षं तिथल्या चित्रांच्या नकला केल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या त्या नकला बहुतेक १८६६ च्या आगीत गेल्या. मग जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा कामाला लागले, तर त्यातल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनलाच जळाल्या. वडिलांना एवढं सांगून बघा, त्याच रात्री वही काढतील.

पुस्तकांत एकच नाव सुचवतो, विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडातलं चित्रसूत्र. वज्र राजा विचारतो, मूर्ती कशी घडवायची? मार्कंडेय सांगतो, आधी चित्र शीक. चित्रासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य, वाद्यासाठी गायन. (हे मार्कंड्याच्या आवारात बसून वाचायची मजा वेगळी.) मला हे पटलं ते दंडारीमुळे. दंडार म्हणजे नाचगाण्याचं लोकनाट्य, आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, ती अजून होते. नाचणाऱ्याचा गुडघा कसा वाकतो ते जवळून पाहिलं, की भिंतीवरचा दगडी गुडघा आपोआप उमगतो.

खर्चाचं फारसं काही नाही. कार्ट्रिज कागद, टू-बी आणि फोर-बी पेन्सिली, एक भिंग, एक टॉर्च. महागडा ऑनलाइन कोर्स लगेच घेऊन देऊ नका. मोठ्या संग्रहालयांची चित्रं मोबाइलवर मोठी करून बघता येतात, रेंज असली तर.

एकटेपणा मात्र खरा आहे. ठाणेदारापासून सरपंचापर्यंत रोज फोन करणारे लोक निवृत्तीनंतर महिनाभरात नाव विसरतात. त्याला मूर्तीशास्त्राचा इलाज नाही. तुम्ही फोन करा, आणि तब्येतीआधी "आज काय काढलं?" असं विचारा.

मेहकरला बसून गॅलरी नाही म्हणता, याचं मला नवल वाटलं. गावातच शारंगधर बालाजी आहे, १८८८ साली जमिनीतून निघालेली काळ्या पाषाणाची उंच मूर्ती. लोणारचं दैत्यसूदन मंदिर एसटीने फार लांब नाही. तिथे सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर जावं, एरवी उन्हाळ्यात दगडाला हात लावता येत नाही. छतातलं कोरीवकाम पाहायला टॉर्चबरोबर एक सतरंजी न्यायला सांगा, ते पाठीवर झोपूनच नीट दिसतं. आणि पहिल्या फेरीत मोबाइल खिशातच राहू द्या. फोटो काढला की आपण पाहणं थांबवतो, ही खोड आम्हा बातमीदारांना फार.