पद्मिनीचा अल्टरनेटर: नवा टाकावा की जुनाच करून घ्यावा?

तुम्ही विचारलंय, जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज तयार करणारा आणि बॅटरी भरणारा भाग) चार्जिंग करत नाही, गॅरेजवाला नवाच टाका म्हणतोय. तर जुना दुरुस्त करून घ्यावा का, आणि तो नीट झालाय हे ओळखायचं कसं?

जुनाच करून घ्या. बॉडीला तडा नसेल आणि रोटरचा, म्हणजे आतल्या फिरत्या भागाचा, शाफ्ट सरळ असेल, तर कार्बन (रोटरला करंट पोचवणारे ब्रश), बेअरिंग, डायोड प्लेट (एसीचं डीसी करणारी), रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा) हे सगळं बदलता येतं. फक्त स्वतःचा देऊन दुकानातला तयार 'एक्स्चेंज' घेऊ नका. मी एकदा घेतला होता. वरून चकचकीत रंग, आत बेअरिंग जुनीच. पावसाळ्यात रात्री खोपोलीहून घाट चढताना हेडलाइट पिवळे पडत गेले, वायपर काचेच्या मध्यावर थांबला, आणि मागे आई बसलेली. ती रात्र मी विसरलेलो नाही, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

अल्टरनेटर उतरवण्याआधी बॅटरीला मल्टिमीटर लावा. गाडी बंद असताना चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. फॅन बेल्ट अंगठ्याने दाबून बघा, सेंटिमीटरभर दबला तर ठीक. मग चावी फिरवून डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा लागतो का ते पाहा. बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट या बल्बमधूनच मिळतो. बल्ब उडाला की धडधाकट अल्टरनेटरही मेल्यासारखा वाटतो. ओळखीतल्या एका गाडीचा अल्टरनेटर याच कारणासाठी दोनदा उघडला गेला.

एक गोष्ट कुणालाही करू देऊ नका: इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची आणि 'गाडी चालते का बघू' म्हणायचं. ही अल्टरनेटरच्या आधी गाड्यांत डायनमो असायचा, त्या काळातली सवय. अल्टरनेटरमध्ये त्या क्षणी व्होल्टेज एकदम उसळतं आणि डायोड उडतात.

आता दुरुस्ती. ज्याच्याकडे टेस्ट बेंच (अल्टरनेटर गाडीबाहेर फिरवून तपासायचं यंत्र) आहे असाच ऑटो इलेक्ट्रिशियन शोधा आणि अल्टरनेटर उघडताना समोर उभे राहा. स्लिप रिंगवरून (रोटरवरच्या ज्या कड्यांवर कार्बन घासतात त्यांवरून) नख फिरवा. नख खाचेत अडकलं तर रिंग लेथवर साफ करून घ्यायला सांगा, नाहीतर नवे कार्बन लवकरच झिजतील. रोटरचा रेझिस्टन्स दोन रिंगांमध्ये साधारण ३ ते ५ ओहम भरतो. रिंग आणि शाफ्ट यांच्यात मात्र काहीच जोड दिसता कामा नये. स्टेटरचं, म्हणजे बाहेरच्या स्थिर भागाचं, वायंडिंग (तारेची गुंडाळी) हुंगून बघा, जळलेल्या वॉर्निशचा वास लपत नाही. वायंडिंगचा एखादाच भाग काळा पडून बाकीचं तांबूस असेल, तर डायोड शॉर्ट झाल्याचा संशय घ्या. तो न बदलता नुसतं रिवाइंडिंग केलं तर नवी तारही जळेल.

बेंचवर टेस्ट करताना लोड, म्हणजे वीज खाणारे दिवे वगैरे, लावायला सांगा. नुसते १४ व्होल्ट दिसले म्हणजे झालं, असं नाही. कमजोर डायोड लोडशिवाय पकडला जात नाही. आमच्या इलेक्ट्रिशियनने बेंचला हेडलाइटचे बल्ब एकेक करून जोडले होते. चौथ्या बल्बला काटा खाली आला, तेव्हा त्याने मुकाट्याने पुन्हा उघडून डायोड प्लेट बदलली. असा माणूस मिळाला तर सोडू नका.

गाडीत बसवल्यावर हेडलाइट, वायपर लावून थोडी रेस द्या, बॅटरीवर १३.५ च्या खाली जायला नको. मीटर एसी व्होल्टवर टाकून बॅटरीवरच बघा: अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर डायोडमध्ये खोट आहे. अल्टरनेटरची मोठी वायर ते बॅटरीचा प्लस यात ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक आला, तर दोष वायरिंगचा. मग अर्धा तास गाडी फिरवून आणा आणि इंजिन गरम असतानाच हे सगळं पुन्हा मोजा. माझा तो 'एक्स्चेंज'वाला थंड असताना अगदी बरोबर १४ दाखवत होता.