त्यांच्या तबल्याशिवाय गाऊ का?

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातला मजकूर इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. कॉलेज रोडच्या तुमच्या घरी वर्षानुवर्षं दर गुरुवारी बैठक व्हायची. पेटी आणि गाणं तुमचं, तबला यजमानांचा, सोबत चार-पाच मित्रमंडळी. मागच्या श्रावणात यजमानांना अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. आता ते कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर काठी घेऊन दोन फेऱ्या मारतात, बोलणं स्वच्छ आहे, पण डाव्या हाताची बोटं अजून ऐकत नाहीत. तबला आणि डाव्या हाताने वाजवायचा डग्गा खोळीत आहेत, पेटी माळ्यावर. घरात गाणं लागलं की ते उठून आतल्या खोलीत जातात. यंदा मंडळींनी पाडवा पहाटेला दोन गाणी म्हणायला तुम्हाला बोलावलंय. यजमान म्हणाले, "तू जा." आणि तुम्ही विचारताय, "गेले तर ह्यांना मागे टाकल्यासारखं होईल का?"

नाही होणार, ताई. पण पाडवा पहाटेच्या आधी घरात बरंच काही व्हायला हवं.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, "संगीताने ह्यांना फायदा होईल असं फिजिओथेरपिस्ट म्हणतात, म्हणून पुन्हा सुरू करावं म्हणते." मी हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. अख्ख्या पत्रात 'मला गायचंय' असं तुम्ही एकदाही लिहिलेलं नाही. औषधाच्या वेळा, पथ्य, व्यायाम, दवाखाना यांत तुमचं सगळं वर्ष गेलं आणि आता गाणंही त्यांच्या उपचारांच्या यादीत जाऊन बसलंय. तसं झालं तर ते नाहीच म्हणणार. दिवसभर रुग्ण म्हणून वावरणाऱ्या माणसाला निदान तबल्यापाशी तरी रुग्ण व्हायचं नसतं. म्हणून आधी त्यांना सरळ सांगा, "मला गायचंय. माझ्यासाठी." एवढं ऐकायचा त्यांना हक्क आहे, आणि म्हणायचा तुम्हाला.

मग एक प्रश्न विचारा, तोही थेट: गाणं लागलं की तुम्ही आत का जाता? आपलं वाजवणं आठवून जीव कळवळतो म्हणून जात असतील, असं तुम्ही धरून चाललाय. तसं असेलही. पण डावी बाजू जाते तेव्हा इजा मेंदूच्या उजव्या भागाला झालेली असते, आणि अशा काही लोकांना गाणं पूर्वीसारखं ऐकूच येत नाही. सूर बेसूर किंवा नुसता गोंगाट वाटतो. आयुष्यभर ज्याने कानावर भिस्त ठेवली, तो हे कुणाला आपणहून सांगणार नाही. असं काही असेल तर न्यूरॉलॉजिस्टना सांगा. झोप, भूक, बोलणं कमी झालं असेल तर तेही सांगा. झटक्यानंतर साधारण तीनपैकी एकाला नैराश्य येतं आणि त्यावर उपचार आहेत.

कान शाबूत असेल तर मात्र तुमच्या हाती खूप काही आहे. सुरुवात गाण्याने करू नका, तबला सुरात लावण्याने करा. पावसाळाभर खोळीत राहिलेला तबला उतरलेला असणारच. हातोडी तुम्ही घ्या, पेटीचा सूर धरून ठेवा, आणि वादीखालचा लाकडी गठ्ठा कुठे ठोकायचा, पुडीच्या काठावरच्या गजऱ्यावर कुठे वरून मारायचं आणि कुठे खालून, हे त्यांना सांगू दे. तुमचे चार ठोके चुकीचे पडतील. पडू देत. त्यांना राग आला तर मला आनंदच होईल, कारण तो राग तबलजीचा असेल.

वाजवायची वेळ येईल तेव्हा गाणं रूपक तालातलं निवडा. तिं तिं ना, धिं ना, धिं ना. सात मात्रांत डग्गा घुमवायचा तो फक्त दोन ठिकाणी, आणि समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, तर तो मुळी लागतच नाही. त्या दोन 'धिं'ना डाव्या हाताचा तळवा नुसता टेकला तरी विलंबित लयीत ठेका उभा राहतो. हे त्यांना समजावायला मात्र जाऊ नका. तुम्ही रूपक का निवडलात, ते तुमच्या आधी त्यांना कळेल. डग्ग्यावर मनगट सरकवून काढायचा तो घुमारा कदाचित परत येणार नाही. त्याचं वाईट वाटणारच, तुम्हालाही. "येईल हो सगळं" असं म्हणून ते दुःख झाकू नका.

मांडी घालून बसायचा हट्ट नको. त्यांना हाताची खुर्ची द्या, तबला बेताच्या उंचीच्या टेबलावर घट्ट बसवा, पेटीही टेबलावर घ्या म्हणजे दोघं एका पातळीवर याल. पंधरा मिनिटं पुरेत. झटक्यानंतरचा थकवा बाहेरून दिसत नाही, आणि दमल्यावर हात जास्तच अडखळतो.

तुमच्या आवाजाचंही सांगायला हवं. वर्षभर गायला नाहीत, जागरणं झाली. पूर्वी काळी पाच पट्टीत गात असाल तर आता त्याखालची काळी चार घ्या आणि त्यात कमीपणा मानू नका. रोज सकाळी थोडा वेळ खर्ज, म्हणजे खालचे सूर लावा, वरच्या तार सप्तकाची घाई करू नका.

राहिली पाडवा पहाट. "तू जा" याचा अर्थ 'जा' एवढाच धरा. नवरा मोठ्या मनाने जे देतोय, त्यात छुपी नाराजी शोधत बसलात तर त्याचं देणं वाया जाईल. मंडळींना होकार कळवा, पण एक अट घाला: निदान एक तालीम तुमच्या घरी व्हावी. ठेक्याला जो कुणी बसणार असेल, त्याला यजमानांकडे आधी पाठवा. लय कुठे धरायची, तुम्ही अंतऱ्यात कुठे घाई करता, समेवर येताना कुठे रेंगाळता, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

तालमीच्या दिवशी त्यांची खुर्ची दाराजवळ ठेवा, म्हणजे कुणाला न ओलांडता आत जाता येईल. ते उठून गेले तरी गाणं अर्ध्यावर थांबवू नका.

तुमची,
ताई