प्रेमात पडल्यावर भूक खरंच मरते का?

दोन घास जात नाहीत, मित्र म्हणतात प्रेमाचा परिणाम, तर हे खरं का, असं तुम्ही विचारलंय. झोप उडते, मान्य. भुकेचं मात्र मला कुणी सांगू नये.

आमचं जमलं तेव्हा नवरा (म्हणजे तेव्हा नव्हता) चिंचवडला राहायचा, मी पुण्यात डेक्कनला हॉस्टेलवर. संध्याकाळी झेड पुलावर भेटायचो. घरी गेला की हा ताटावर बसून ‘भूक नाही’ म्हणायचा. सासूबाईंनी आधी दृष्ट काढली, मग जंताचं औषध दिलं, मग रक्त तपासून आणलं. रिपोर्ट नॉर्मल. पुढे कुणीतरी त्यांच्या कानावर माझं नाव घातलं आणि निदान पक्कं झालं: पोरीच्या नादानं पोरगा वाळला. अजूनही प्रत्येक लग्नकार्यात हे ऐकवतात, आणि चार बायका वळून माझ्याकडे बघतात.

आता खरं ऐका. हा माणूस पुलावरून उतरला की गाडीवर डबल भुर्जी आणि चार पाव हाणायचा. त्यांच्या घरात अंडं चालत नाही, त्यामुळे सांगायची सोय नाही. तोंडाला वास नको म्हणून वर मूठभर बडीशेप. वाळला कुठून? तेव्हाच्या फोटोत शर्टाची बटणं बघा, तुटायला आलीत.

डोकं मात्र जाग्यावर नव्हतं. परतीच्या लोकलनं चिंचवडऐवजी तळेगाव गाठायचा. १९९९ साली इटलीतल्या पिसा विद्यापीठातल्या दोनातेला माराझ्झिती आणि सहकाऱ्यांनी नव्यानं प्रेमात पडलेल्यांचं रक्त तपासलं. सिरोटोनिन (मूडशी संबंधित रसायन) वाहून नेणारं प्रथिन त्यांच्यात ओसीडीच्या, म्हणजे तोच तो विचार डोक्यातून न जाणाऱ्या मानसिक आजाराच्या, रुग्णांसारखंच कमी निघालं. काहींना वर्ष-दीड वर्षानं परत तपासलं, तर नॉर्मल! हे मी हौसेनं घरात वाचून दाखवलं. तेव्हापासून माझा वाढदिवस विसरला की नवरा म्हणतो, ‘काय करणार, सिरोटोनिन जाग्यावर आलं.’

हां, तुमचं वजन खरंच उतरत असेल तर डॉक्टरांना दाखवा, थायरॉईड वगैरे बघून घ्या. घरात मात्र ‘भूक नाही’ एवढंच म्हणून उठू नका. बाहेर काय खाल्लं ते सांगा, नाहीतर खापर समोरच्या पोरीवर फुटतं. आणि सासूबाई, वाचत असाल तर, त्या भुर्जीचे पैसेही बहुतेक वेळा मीच दिलेत.