‘पूर्वीचे गडी वेगळेच होते!’

या खेपेला क्रिकेटचं एकही पत्र नाही, याचंच मला आधी अप्रूप वाटलं. तिन्ही पत्रं रग्बी लीगची, म्हणजे तेरा जणांच्या रग्बीची आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्यातला प्रश्न वरवर रग्बीचा असला तरी तो प्रत्येक पेठेतल्या प्रत्येक कट्ट्यावर विचारला जातो.

प्रश्न : सर, माझा भाचा सिडनीत नोकरीला आहे. त्याच्यामुळं मला मोबाइलवर रग्बी लीग बघायचा नाद लागला. जुन्या सामन्यांत नुसती ठोसाठोशी दिसते. आता मात्र हात जरा मानेवर गेला की गडी मैदानाबाहेर! भाच्याच्या ऑफिसातली म्हातारी मंडळी म्हणतात, खेळ मऊ पडला. आमच्या कट्ट्यावरही हेच ठरलं. तुमचं काय मत?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : कट्ट्यावर दुसरं काही ठरलं असतं तर नवल. खासबागेत बसून ‘पूर्वीचे पैलवान वेगळेच होते’ म्हणणारी माणसं मी पोरवयापासून ऐकत आलोय. त्यांच्या वडिलांनीही तेच म्हटलं असणार.

ठोसे कमी झाले, हे कबूल. पण टक्कर कमी झाली का? आधी अंतर बघा. पूर्वी बचाव करणारा संघ चेंडूपासून पाच मीटर मागं उभा राहायचा, 1993 पासून दहा मीटर. म्हणजे शंभर किलोचा गडी आता जास्त वेग घेऊन येतो आणि समोरचे तिघंही तेवढ्याच वेगानं त्याच्या अंगावर जातात. याला मऊ म्हणायचं असेल तर म्हणा.

जुन्या काळाचा एक नमुना सांगतो. जुलै 1954, सिडनी क्रिकेट ग्राउंड, न्यू साउथ वेल्स विरुद्ध ग्रेट ब्रिटन. सामन्यात हाणामारी एवढी वाढली की ऑब ऑक्सफर्ड नावाचा रेफ्री सरळ मैदान सोडून चालता झाला. सामना तिथंच बंद. ही मर्दुमकी कसली? तिकीट काढून आलेल्या लोकांना सामनाच पुरा बघायला मिळाला नाही.

मग हे थांबलं कसं? खेळाडू सुधारले म्हणून नव्हे. मी आयुष्यभर शाळेत पी.टी. शिकवली, ‘बाळांनो, भांडू नका’ म्हटल्यानं भांडण थांबल्याचं मला तरी आठवत नाही. ऑस्ट्रेलियात शिस्त लागली ती शिक्षेच्या धाकानं. 1980 च्या सुमाराला जिम कोमन्स शिस्त समितीवर आले आणि शिक्षा आठवड्यांत मोजायच्या त्या महिन्यांत जाऊ लागल्या. 1982 मध्ये वेस्टर्न सबर्ब्सच्या बॉब कूपरला मारामारीबद्दल 15 महिने बाहेर बसवलं. त्याआधी 1981 मध्ये सिन बिन आलं होतं : दहा मिनिटं बाहेर, आणि तोवर संघ बारा जणांनी खेळणार. मला ही शिक्षा सगळ्यात हुशारीची वाटते. महिनाभराची बंदी एकट्याला भोगावी लागते, पण सिन बिनची किंमत त्याच वेळी, त्याच मैदानावर, सगळा संघ मोजतो. ठोसा मारून बाहेर गेलेल्याला शाबासकी मिळत नाही, स्वतःच्याच सोबत्यांच्या शिव्या मिळतात.

तरी ठोसा लगेच गेला नाही. एखाद-दुसऱ्या ठोशाकडं रेफ्री काणाडोळा करायचे. जून 2013 मध्ये स्टेट ऑफ ओरिजिनच्या, म्हणजे न्यू साउथ वेल्स विरुद्ध क्वीन्सलंड या मालिकेच्या पहिल्या सामन्यात न्यू साउथ वेल्सचा कप्तान पॉल गॅलन यानं क्वीन्सलंडच्या नेट माइल्सला टीव्हीवर सगळ्यांच्या देखत ठोसे लगावले. त्यानंतर फर्मान निघालं : ठोसा मारला की दहा मिनिटं बाहेर, दुसरी बात नाही. त्याच महिन्यात दुसरा सामना झाला आणि एकाच धुमश्चक्रीत दोन्ही संघांचे मिळून चार जण बाहेर गेले. तेव्हा कुठं पोरांना कळलं की रेफ्री खरंच बोलतोय.

मानेचं, डोक्याचं म्हणाल तर तिथं मी कट्ट्याच्या पार विरोधात आहे. हात अंगाला चिकटवून नुसत्या खांद्यानं धडक द्यायची, याला शोल्डर चार्ज म्हणत. एनआरएलनं, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या अव्वल रग्बी लीग स्पर्धेनं, 2013 पासून तो बंद केला. उचलून डोक्यावर आपटणंही आता चालत नाही. डोक्याला मार बसल्याची शंका आली की खेळाडूला बाहेर नेऊन तपासतात, आणि मेंदूला धक्का बसल्याचं ठरलं तर 2023 पासून साधारणपणे 11 दिवस सक्तीची विश्रांती. पूर्वीचे गडी तसेच डोलत पुन्हा खेळायला यायचे आणि आपण टाळ्या वाजवायचो. त्या टाळ्यांचं म्हातारपणी काय झालं, हे त्यांच्या बायकापोरांना विचारावं.

हळहळ मला एका गोष्टीची आहे, ती स्क्रमची, म्हणजे दोन्ही संघांचे गडी वाकून खांद्याला खांदा भिडवतात आणि मधे चेंडू टाकतात त्याची. पूर्वी मधला हुकर पायानं चेंडू ओढून घ्यायचा, ते खरं कसब होतं. त्यात चावाचावी, लबाडी खूप चालायची हेही खरं. आता स्क्रम म्हणजे दोन्हीकडच्यांनी वाकायचं आणि चेंडू ज्याचा त्यालाच मिळायचा. नुसती औपचारिकता.

प्रश्न : सर, आमच्या शाळेत मुलींची रग्बी टीम आहे, सात जणींची. व्हिडिओत बघितलं तर तिकडं सहाव्यांदा पकडल्यावर चेंडू दुसऱ्या टीमला देतात. आम्हाला हा नियम का नाही?
— इयत्ता नववी, शिरोळ तालुका

उत्तर : कारण पोरी, तुम्ही खेळता ती रग्बी युनियन, सात जणींची. व्हिडिओतली रग्बी लीग. 1895 मध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. खाणीत, गिरणीत राबणाऱ्या खेळाडूंना खेळापायी बुडालेली मजुरी द्यावी, एवढीच त्यांची मागणी होती. मग प्रेक्षक यावेत म्हणून त्यांनी खेळ मोकळा करायला घेतला. 1906 मध्ये पंधराचे तेरा खेळाडू केले. पकडलेल्यानं उठून पायानं चेंडू मागं सारायचा, ही पद्धतही त्याच साली आली.

पण त्यात एक भोक राहिलं. कितीही वेळा पकडलं तरी चेंडू तुमच्याकडंच! आघाडी घेतलेला संघ चेंडू कवटाळून वेळ काढायचा. कबड्डीत नुसतं जाऊन रिकामं परत यायचं, तसलाच हा प्रकार. म्हणून तर आपल्याकडं ‘करो या मरो’ची चढाई आली. सिडनीच्या सेंट जॉर्ज संघानं 1956 ते 1966 अशी ओळीनं अकरा अजिंक्यपदं जिंकली. 1966 मध्ये इंग्लंडमध्ये आणि 1967 मध्ये ऑस्ट्रेलियात चार टॅकलची (पकडींची) मर्यादा आली, आणि 1967 मध्येच सेंट जॉर्जची माळ तुटली. सगळं श्रेय नियमाला देऊ नकोस, पण योगायोग मजेशीर आहे. चारमध्ये खेळ फारच घाईचा व्हायला लागला, म्हणून 1971 मध्ये ऑस्ट्रेलियानं सहा केले आणि पुढच्या वर्षी इंग्लंडनं. सहाव्यानंतर आधी स्क्रम व्हायचा, चेंडू सरळ देऊन टाकणं 1983 पासूनचं.

आणखी एक गंमत. 2020 मध्ये एनआरएलनं ठरवलं की पकडलेल्यावर लोळून वेळ काढला तर पेनल्टी नको, सहा टॅकल नव्यानं मोजा. हेतू खेळ वेगवान करायचा. तर बचाव करणारे संघ पहिल्या-दुसऱ्या टॅकललाच मुद्दाम चूक करू लागले! सहाचे पुन्हा सहा झाले तर बिघडलं काय? तेवढ्यात बचावाची फळी लावून होते. मग 2022 मध्ये चेंडूवाला संघ स्वतःच्या गोललाइनपासून 40 मीटरच्या आत असेल तर पेनल्टी परत आणावी लागली. तुमच्या टीममध्येही असली एखादी हुशार पोरगी असेलच. तिला कप्तान करा.

प्रश्न : रग्बी लीगमध्ये रेफ्रीशी हुज्जत घातली तर चालते का?
— फुटबॉलवेडा, शिवाजी पेठ

उत्तर : शिवाजी पेठेतून हा प्रश्न यावा! तिथं बोलायचं फक्त कप्तानानं. एनआरएलमध्ये 2020 पासून कप्तानाला रेफ्रीच्या निर्णयाला आव्हानही देता येतं. तेही खेळ थांबल्यावर, काही सेकंदांत. आव्हान बरोबर निघालं तर पुढं वापरायला शिल्लक राहतं, चुकलं तर गेलं. बाकीच्या बारा जणांनी आपापल्या जागी उभं राहून पाणी प्यायचं.