अनुभव ‘असतो’, ‘येतो’ आणि ‘घेतात’

नोकरीच्या अर्जात ‘अनुभव : ३ वर्षे’ असं भरतात आणि कीर्तनात महाराज ‘अनुभव आला पाहिजे’ म्हणतात, दोन्हीकडे शब्द एकच कसा, असं एकानं विचारलंय. शब्द एकच. अनु म्हणजे मागोमाग, भव म्हणजे होणं. कोणता अर्थ घ्यायचा ते शेजारचं क्रियापद सांगतं.

अनुभव ‘असतो’ तेव्हा ती कमाई, आणि ती एकवचनीच राहते. पेरणीचा वीस वर्षांचा अनुभव आहे, हे ठीक. ‘वीस अनुभव आहेत’ म्हटलं की ते किस्से झाले. ‘अनुभवी’ हे विशेषण याच अर्थाचं. ज्यानं नुसतं सोसलं, शिकला काही नाही, त्याला कोणी अनुभवी म्हणत नाही.

‘येतो’ची गंमत वेगळी. आमच्या यवतमाळच्या बाजूला कापूस घेणाऱ्या एखाद्या व्यापाऱ्याचं नाव काढा. ‘त्याचा मले अनुभव आला हाय’ एवढंच कोणी बोललं, की पुढं विचारायचं नसतं. काट्यात मारलेलं असतं! अनुभव बरा असेल तर ‘चांगला’ जोडून सांगावं लागतं. देवाच्या बाबतीत मात्र उलट. ‘देवीचा अनुभव आला’ म्हणजे नवस फळला. तिथं ‘प्रचिती’ही चालते, पण प्रचिती बहुधा आधी ऐकलेल्या गोष्टीची येते, अनुभव कशाचाही येतो, न सांगता.

‘अनुभव घेणे’ म्हणजे मुद्दाम करून पाहणं. हल्ली हुरड्याच्या जाहिरातीत ‘ग्रामीण जीवनाचा अनुभव घ्या’ असतं, ते यातलंच. वावरात राहणाऱ्याला तो घ्यावा लागत नाही. ‘अनुभूती’ खरं तर आतली, मनाची. तीही आता गाद्यांच्या पत्रकात जाऊन पडली आहे.

गेल्या हंगामात काकाजींसोबत पराटीतून, म्हणजे कापसाच्या उभ्या पिकातून, चाललो होतो. त्यांनी गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं एक फूल खुडलं. डोमकळी. नखानं पाकळ्या सोडवल्या, तर आत बोंडअळी. वरून मला काहीच दिसलं नव्हतं.

‘तुमाले कसं समजलं?’

‘अनभव हाय ना बापू.’

‘कव्हा आला?’

‘दोन हजार सतराले. आख्खं वावर गेलं तव्हा.’